ध्वनिमुद्रिकेपलीकडचा ब्लूज : मिसिसिपीचा डोंगराळ मुलूख आणि बेंटोनिया येथील वादकपरंपरा

प्रास्ताविक

महात्मा जोतीराव फुले यांनी इ.स. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला, ही गोष्ट मराठी वाचकाला सुपरिचित आहे. त्या अर्पणपत्रिकेत ज्या मुक्तीचा गौरव आहे तिचे पुढे काय झाले, याची चर्चा मराठीत त्या मानाने कमी आढळते. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ च्या निवडणुकीत, मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीयांना हिंसा व दहशतीच्या बळावर सत्तेतून हुसकावण्यात आले. १८९० च्या राज्यघटनेने त्यांचा मताधिकार कागदावर ठेवून व्यवहारात काढून घेतला. कापसाच्या मळ्यांवर गुलामाच्या जागी अर्धेलीने जमीन कसणारे कूळ आले आणि मालकाच्या दुकानातील उधारीने त्याला तेथेच बांधून ठेवले. मुक्तीनंतर जन्मलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीने या परिस्थितीत जे संगीत घडविले, ते ब्लूज होय. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मराठीला करून दिला, दलित साहित्याच्या चर्चेत त्याचे दाखलेही आले. संगीत मात्र त्या चर्चेच्या कडेलाच राहिले.

ब्लूजचा इतिहास सामान्यतः एका सरळ रेषेत सांगितला जातो. १९०३ च्या सुमारास टटवायलर या रेल्वेस्थानकावर गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवणारा एक अनामिक वादक डब्ल्यू. सी. हँडी यांना भेटला. हँडी यांनी १९१२ पासून ब्लूजच्या रचना छापून प्रसिद्ध केल्या. १९२० मध्ये मॅमी स्मिथ यांची ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे मिसिसिपी डेल्टातील वादक ध्वनिमुद्रिकांवर आले. त्यांतील काही स्थलांतरितांबरोबर शिकागोला गेले, तेथे गिटार विजेवर वाजू लागली आणि १९६० च्या दशकात ती इंग्लंडमधील तरुणांच्या कानी पडली. ही मांडणी चुकीची नाही. परंतु तिच्यात ब्लूज हा सतत गाव सोडून जाणारा, एका थांब्यावरून पुढच्या थांब्याकडे जाणारा पाहुणा ठरतो. जे गावातच राहिले, त्यांचे काय झाले हा प्रश्न या मांडणीत उपस्थितच होत नाही. उत्तर मिसिसिपीचा डोंगराळ भाग आणि याझू काउंटीतील बेंटोनिया हे छोटे गाव, या दोन ठिकाणच्या वादकपरंपरांच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ध्वनिमुद्रिका : साधन आणि त्याची मर्यादा

लिखित साधने विरळ असलेल्या समाजाचा इतिहास लिहिताना अभ्यासक हाती लागलेल्या साधनाला झुकते माप देतो. ब्लूजच्या बाबतीत ते साधन म्हणजे १९२० ते १९४२ या काळातील ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका. त्या कशा तयार झाल्या हे पाहिले म्हणजे त्यांच्यावर किती भार टाकावा, याचा अंदाज येतो. पॅरामाउंट ही या क्षेत्रातील महत्त्वाची कंपनी विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याची उपशाखा होती. कारखाना फोनोग्राफच्या लाकडी पेट्या बनवू लागला, आणि पेट्या खपाव्यात म्हणून ध्वनिमुद्रिकाही काढू लागला. दक्षिणेतील वादक तेथवर पोहोचत ते मध्यस्थांमार्फत. जॅक्सन शहरातील दुकानदार एच. सी. स्पीअर हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. चार्ली पॅटन आणि स्किप जेम्स हे दोघेही त्यांच्याच पारखीतून पुढे गेले. स्पीअर यांच्या दुकानापर्यंत जो गेला नाही किंवा ज्याचे वादन त्यांना खपाऊ वाटले नाही, तो इतिहासातूनही गळाला.

तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. शनिवारी रात्री नाचणाऱ्यांसाठी अर्धा-अर्धा तास चालणारी एकच चाल तीन मिनिटांत कोंबली गेली आणि तिला सुरुवात, मध्य व शेवट मिळाला. ब्लूजचा ‘नियम’ म्हणून आज जो साचा शिकवला जातो, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खंड, तीन स्वरमेळ, पहिली ओळ दोनदा व तिसरी उत्तरादाखल, तो ग्रामीण वादकांनी शोधला नाही असे म्हणता येणार नाही. पण तो सर्वत्र प्रमाण ठरण्यात छापील रचना आणि तबकडी यांचा मोठा वाटा होता.

ध्वनिमुद्रिकेने दिलेले चित्र आणि गावातील प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर त्या काळीही जाणवले होते. १९४१-४२ मध्ये फिस्क विद्यापीठ आणि काँग्रेस ग्रंथालय यांनी संयुक्तपणे डेल्टातील कोहोमा काउंटीची पाहणी केली. मडी वॉटर्स यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९४१ च्या ऑगस्टमध्ये याच पाहणीत स्टोव्हॉल मळ्यावर झाले. पाहणीत ॲलन लोमॅक्स यांच्याबरोबर जॉन वर्क आणि लुईस जोन्स हे फिस्कमधील कृष्णवर्णीय अभ्यासक होते. जोन्स यांनी क्लार्क्सडेलमधील ज्यूकबॉक्सवर कोणत्या तबकड्या आहेत याची यादी केली. तीत शहरी स्विंग वाद्यवृंदांच्या तबकड्या ठळकपणे आढळतात. म्हणजे लोक विकत ऐकत होते ते एक आणि अंगणात वाजवत होते ते दुसरे. वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांची हस्तलिखिते दीर्घकाळ दप्तरांत पडून राहिली. ती ‘लॉस्ट डेल्टा फाउंड’ या नावाने प्रसिद्ध व्हायला २००५ साल उजाडले. लोमॅक्स यांचा त्याच प्रदेशावरील ग्रंथ त्याआधीच, १९९३ मध्ये, येऊन गाजला होता. विद्यापीठीय जगातील मानापमानाचा हा भाग सोडून दिला, तरी एका पाहणीचा वृत्तांत साठ वर्षे एकाच बाजूने उपलब्ध होता ही वस्तुस्थिती उरतेच.

डोंगराळ मुलूख

डेल्टा म्हणजे याझू व मिसिसिपी या नद्यांमधील सपाट, गाळाची, अत्यंत सुपीक भूमी. तेथे मळे मोठे, मजुरांची वर्दळ मोठी आणि रेल्वेमार्गही जवळ. तिच्या पूर्वेला पॅनोला, टेट, मार्शल, लाफायेट या काउंट्यांत जमीन चढउताराची होते आणि शेते लहान होत जातात. ‘डोंगराळ’ हा शब्द येथे सापेक्ष आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला या टेकड्या टेकाडेच वाटतील. परंतु डेल्टापेक्षा येथे छोटा शेतकरी अधिक, वस्ती विखुरलेली आणि कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिलेली. १९२०-३० च्या दशकांत कंपन्यांचे लक्ष इकडे फारसे गेले नाही. परिणामी येथील संगीत ‘नंतरचे’ मानले गेले, वस्तुतः त्याचे काही घटक तबकडीवरील ब्लूजपेक्षा जुने आहेत.

त्यांतील सर्वांत लक्षणीय म्हणजे फाइफ आणि ढोल यांचे वादन. फाइफ ही वेळूची छोटी आडवी बासरी. वेळू कापून, तापलेल्या सळईने छिद्रे पाडून ती घरीच बनवली जाते. तिच्या साथीला खांद्यावर अडकवलेला मोठा ढोल व ताशासारखी कडकडणारी लहान वाद्ये असतात. साधने लष्करी पथकांची आहेत, ठेक्यांची गुंफण मात्र पश्चिम आफ्रिकेकडे बोट दाखवते. गुलामगिरीच्या काळात ढोल हे बंडाचे साधन मानले जाई. दक्षिण कॅरोलिनातील १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास मनाई केली होती. त्या पार्श्वभूमीवर मुक्तीनंतर उघड्या मैदानात ढोल वाजवणे हे केवळ करमणुकीचे कृत्य नव्हते, असे मानण्यास जागा आहे. लोमॅक्स यांनी १९४२ मध्ये या भागातील सिड हेम्फिल या अंध वादकाचे ध्वनिमुद्रण केले. फिडल, बँजो, फाइफ, ढोल, वेळूच्या नळ्या जोडून केलेला पावा अशी अनेक वाद्ये हेम्फिल वाजवीत व त्यांतील काही स्वतः बनवीत. डोंगराळ भागाच्या संगीताचा हा पहिला भक्कम पुरावा. पण तो अभिलेखागारात राहिला, बाजारात आला नाही.

१९५९ च्या सप्टेंबरमध्ये लोमॅक्स पुन्हा आले. सोबत इंग्लंडमधील लोकगायिका शर्ली कॉलिन्स होत्या. कोमो गावाजवळ दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी परतलेल्या फ्रेड मॅक्डॉवेल यांनी गिटार हाती घेतली, आणि ‘ब्लूजचा सुवर्णकाळ संपला’ असे मानणाऱ्या संग्राहकांना ते मत तपासून पाहावे लागले. मॅक्डॉवेल तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांचे वादन तोवर एकाही तबकडीवर आलेले नव्हते. येथे ‘शोध’ हा शब्द वापरण्याची प्रथा आहे. शेजाऱ्यांना त्यांचा शोध लागण्याचे काही कारण नव्हते. ते दर आठवड्याला त्यांच्या तालावर नाचतच होते.

या शेजाऱ्यांत आर. एल. बर्नसाइड हा तरुण होता. बर्नसाइड (१९२६-२००५) यांचे आयुष्य ब्लूजच्या सरळ रेषेला छेद देणारे आहे. तेही अनेकांप्रमाणे शिकागोला गेले. तेथे त्यांचे वडील व भाऊ यांच्या हत्या झाल्या, आणि ते मिसिसिपीला परतले. स्थलांतराच्या इतिहासात परतणाऱ्यांची नोंद क्वचितच होते. अर्धेलीची शेती, ट्रॅक्टर चालवणे, मासेमारी यांवर त्यांनी मोठे कुटुंब पोसले व शनिवार-रविवारी गिटार वाजवली. १९६७ मध्ये जॉर्ज मिचेल या तरुण संग्राहकाने त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले.

बर्नसाइड आणि त्यांचे समकालीन ज्युनियर किम्ब्रो (१९३०-१९९८) यांच्या वादनात तीन स्वरमेळांचा साचा पुष्कळदा आढळत नाही. एकच स्वरमेळ, खर्जातला अखंड गुंजारव, एक छोटी सुरावट पुन्हापुन्हा, आणि तिच्यावर शब्द येतील तसे सोडलेले. स्वरमेळ बदलण्याची वाट पाहणाऱ्या कानाला हे एकसुरी वाटते. षड्ज धरून ठेवणाऱ्या तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला त्यात तितके परके वाटू नये. या दोहोंत काही ऐतिहासिक नाते आहे असे सुचवायचे नाही. साच्यात न बसणाऱ्या संगीताला ‘अपरिपक्व’ ठरवण्याची घाई कशातून होते, एवढेच त्यावरून ध्यानात यावे. ती घाई प्रत्यक्षात झालीच. किम्ब्रो यांनी १९६६ मध्ये मेम्फिसच्या गोल्डवॅक्स कंपनीसाठी केलेले ध्वनिमुद्रण कंपनीने बाजूला ठेवले. ते प्रसिद्ध झाले २००९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी.

किम्ब्रो यांचा खरा मंच होता तो ज्यूक जॉइंट, म्हणजे खेड्यातील मद्य व नृत्याचे साधे ठिकाण. चुलाहोमा येथील त्यांच्या जागेत रविवारी रात्री शेजारी, नातलग आणि पुढेपुढे परदेशी पाहुणेही एकत्र येत. वादकांत त्यांचे मुलगे, बर्नसाइड यांचे मुलगे, कोणाचे जावई. येथे शिकवण्याची वेगळी पद्धत नव्हती. मूल कोपऱ्यात झोपता झोपता चाली ऐके आणि हात पुरू लागले की ड्रमच्या मागे बसे. बर्नसाइड यांचा नातू सेड्रिक (जन्म १९७८) किशोरवयातच आजोबांसोबत ड्रम वाजवत दौरे करू लागला तो असाच.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र ही कौटुंबिक परंपरा तितकी उदार होती असे म्हणवत नाही. सिड हेम्फिल यांची नात जेसी मे हेम्फिल (१९२३-२००६) यांनी ढोल, गिटार व गायन तिन्ही आत्मसात केले होते. तरी त्यांची पहिली स्वतंत्र दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली ती १९८१ मध्ये, आणि तीही फ्रेंच कंपनीकडून. मेम्फिस विद्यापीठातील संगीतशास्त्रज्ञ डेव्हिड इव्हान्स यांनी त्यांच्या वादनाचा पाठपुरावा केला. १९९३ मध्ये पक्षाघाताने त्यांचे गिटारवादन थांबले.

बाहेरचा हात

१९९० च्या दशकात या मुलुखाकडे बाजाराचे लक्ष वळले. समीक्षक रॉबर्ट पामर यांच्या ‘डीप ब्लूज’ (१९८१) या ग्रंथानंतर त्याच नावाचा माहितीपट १९९१ मध्ये आला. त्याच सुमारास ऑक्सफर्ड गावात स्थापन झालेल्या फॅट पॉसम कंपनीने बर्नसाइड व किम्ब्रो यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. साठी ओलांडलेल्या वादकांना त्यातून प्रथमच बरे उत्पन्न मिळाले, देशोदेशी कार्यक्रम मिळाले. हे श्रेय नाकारता येत नाही. पण कंपनीने विक्रीसाठी जी प्रतिमा उभी केली ती दारू, दारिद्र्य आणि हिंसा यांची होती. ज्या माणसाने चार दशके शेतात राबून कुटुंब सांभाळले, त्याला रासवट म्हातारा म्हणून विकणे सोपे गेले, याचे कारण घेणाऱ्यांना तसाच ब्लूज हवा होता. १९९८ मध्ये बर्नसाइड यांच्या वादनाचे तुकडे यंत्रावर पुनर्रचित करून एक ध्वनिमुद्रिका काढण्यात आली. जाणकारांनी नाके मुरडली. तरुण श्रोत्यांनी ती विकत घेतली.

स्वामित्वधनाचा प्रश्न याहून जुना. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश वाद्यवृंदाने १९७१ मध्ये मॅक्डॉवेल यांचे गीत आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले. अर्हूली कंपनीचे ख्रिस स्ट्राख्विट्झ यांनी पाठपुरावा करून त्याचे पैसे वादकापर्यंत पोहोचवले; मॅक्डॉवेल १९७२ मध्ये निवर्तले. असा पाठपुरावा करणारा प्रत्येकाला लाभला नाही.

राज्यशासन तर सर्वांत उशिरा जागे झाले. मिसिसिपी ब्लूज ट्रेल या योजनेतील पहिला फलक डिसेंबर २००६ मध्ये चार्ली पॅटन यांच्या दफनभूमीजवळ उभा राहिला. पुढे अशा फलकांची संख्या दोनशेच्या वर गेली. पर्यटकांना मार्ग दाखवणारे हे फलक उपयुक्त आहेत, त्यांवरील मजकूरही अभ्यासपूर्ण आहे. ते उभारणाऱ्या राज्याच्या ध्वजावर गुलामगिरीच्या रक्षणार्थ लढलेल्या दक्षिणी संघराज्याचे चिन्ह २०२० पर्यंत होते, हेही त्यासोबत वाचावयास हवे.

चुलाहोमाची ती जागा एप्रिल २००० मध्ये जळून गेली. किम्ब्रो त्याआधीच, १९९८ मध्ये गेले होते. वास्तू गेली की परंपरा संपते, ही भीती या ठिकाणी निम्मीच खरी ठरली. ग्रॅव्हल स्प्रिंग्ज येथे ओथर टर्नर हे शेतकरी दरवर्षी सप्टेंबरातील अमेरिकी कामगार दिनाच्या सुमारास आपल्या शेतावर बोकड भाजून शेजाऱ्यांना जेवू घालीत आणि रात्रभर फाइफ-ढोल वाजवीत. १९९२ मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. त्यांची ध्वनिमुद्रिका नव्वदी गाठल्यावर, १९९८ मध्ये निघाली. २००२ मध्ये मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’ या चित्रपटात त्यांचे वादन ऐकू आले. फेब्रुवारी २००३ मध्ये टर्नर आणि त्यांची कन्या बर्निस यांचे एकाच दिवशी निधन झाले. कोमो गावातून निघालेल्या अंत्ययात्रेच्या पुढे फाइफ वाजवीत चालली ती शाळकरी वयाची नात शार्दे. टर्नर यांनी ती तिला हाती धरून शिकवली होती. पुढे शार्दे थॉमस यांनी ‘रायझिंग स्टार्स’ हे कौटुंबिक पथक आणि शेतावरील ते संमेलन दोन्ही चालू ठेवले. सेड्रिक बर्नसाइड यांना २०२१ मध्ये राष्ट्रीय वारसा फेलोशिप आणि २०२२ मध्ये पारंपरिक ब्लूजसाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

बेंटोनिया

डोंगराळ भागात परंपरा कुटुंबांच्या जाळ्यावर उभी आहे. बेंटोनियात ती जवळजवळ एका धाग्यावर लोंबकळत आली. या गावाची शैली ओळखू येते ती गिटारच्या मांडणीवरून. येथे तारा उघड्या सोडल्या तरी कोमल गांधार असलेला स्वरमेळ निघेल अशा लावल्या जातात. त्यामुळे वादनाला एक काळोखी, अधांतरी छटा येते. ही मांडणी हेन्री स्टकी यांनी गावात रूढ केली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना कॅरिबियन बेटांवरील सैनिकांकडून ती उचलल्याचे ते सांगत. हे विधान पडताळून पाहण्याचा मार्ग उरलेला नाही, तरी ‘अस्सल मातीतला’ म्हणून नावाजलेल्या शैलीच्या मुळाशी समुद्रापलीकडची भेट असावी, ही शक्यता लक्षणीय आहे. स्टकी १९६६ मध्ये मरण पावले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

त्यांच्याकडून शिकलेले स्किप जेम्स (१९०२-१९६९) यांनी फेब्रुवारी १९३१ मध्ये ग्राफ्टन येथे पॅरामाउंटसाठी केलेली १८ मुद्रणे ज्ञात आहेत. मंदीच्या काळात त्या तबकड्या जेमतेम खपल्या; जेम्स संगीत सोडून धर्मोपदेशाकडे वळले. १९६४ मध्ये ट्युनिका येथील रुग्णालयात तीन तरुण संग्राहकांनी त्यांना गाठले आणि त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते गायले. ‘क्रीम’ या इंग्लिश वाद्यवृंदाने १९६६ मध्ये त्यांचे एक गीत मुद्रित केले. त्याच्या स्वामित्वधनाने कर्करोगग्रस्त जेम्स यांच्या उपचारांचा काही भार हलका झाला. बेंटोनियाचे नाव जगाला कळले ते जेम्स यांच्यामुळे. बेंटोनियात मात्र ते संगीत टिकले ते जेम्स यांच्यामुळे नव्हे.

ते टिकवले जॅक ओवेन्स (१९०४-१९९७) यांनी. शेती करावी, घरीच आठवड्याच्या अखेरीस लोक जमवावेत आणि वाजवावे, असा त्यांचा क्रम. १९६६ मध्ये डेव्हिड इव्हान्स यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण करीपर्यंत ते बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. जेम्स यांच्या वादनाशी असलेले साम्य पाहून त्यांना अनुकरण करणारे म्हणणारेही निघाले. तबकडी हाच पुरावा मानला की दुसरा निष्कर्ष निघणेही कठीण. ज्याची तबकडी आधी तो गुरू, नंतरची तो शिष्य. प्रत्यक्षात दोघे एकाच गावातील, एकाच पिढीचे वादक होते. ओवेन्स यांना १९९३ मध्ये राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली.

याच गावात रेल्वेरुळांलगत कॅरी व मेरी होम्स या दांपत्याने १९४८ मध्ये ‘ब्लू फ्रंट कॅफे’ उघडले. कापसाच्या हंगामात मजुरांना जेवण, मद्य आणि विसावा मिळण्याचे ते ठिकाण. त्यांचे पुत्र जिमी ‘डक’ होम्स (जन्म १९४७) यांनी १९७० मध्ये ते ताब्यात घेतले. त्यांनी बालपणी स्टकी यांना ऐकले होते. ओवेन्स पुढे कॅफेत येऊन बसत व वाजवीत. ओवेन्स यांना स्वरांची नावे सांगता येत नसत. हात दाखवायचा, आणि समोरच्याने पाहून घ्यायचे. होम्स यांनी तसेच पाहून घेतले. गावचा ब्लूज महोत्सव १९७२ पासूनचा. त्याची धुराही होम्स यांनी वाहिली. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका २००६ मध्ये, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर निघाली. २०१९ मधील ‘सायप्रेस ग्रोव्ह’ला ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकनही मिळाले.

दरम्यान, कॅफेचे मूळ गिऱ्हाईक निघून गेले. कापूस वेचायला यंत्रे आली, मजूर शहरांकडे गेले. आता ब्लू फ्रंटमध्ये येणाऱ्यांत दूरदेशीचे पर्यटक पुष्कळ असतात, आणि ती मांडणी शिकण्यासाठी होम्स यांच्यापुढे बसलेल्यांत बाहेरून आलेले गौरवर्णीय वादकही आहेत. होम्स त्यांनाही हात दाखवून शिकवतात.